लाल समोर लाल

"पाना खाली ठेव आणि इकडे उजेडात ये," वामनअण्णा म्हणाले. "बोनेटच्या आड तुझं काय चाललंय ते मला दिसत नाही."

"नट सैल करतोय, अण्णा."

"तेच म्हणतो. कुठला नट, ते मला दिसलं पाहिजे."

मी उजेडात आलो. चैत्रातली अष्टमी होती, सकाळचं ऊन अंगणभर पसरलं होतं, आणि कुरुंदवाडच्या पुजाऱ्यांच्या, म्हणजे वामनअण्णांच्या, अंगणात, तुळशीच्या अलीकडे, त्यांची जुनी निळी गाडी तोंड वासून उभी होती. आतून मंदाकिनीबाईंचा आवाज येत होता. उद्याचं आख्यान त्या हलक्या गळ्यानं घोळत होत्या. दशरथाच्या यज्ञातलं पायस, राण्यांच्या वाटण्या आणि एक वाटा घारीनं झडप घालून उचलून नेला तो प्रसंग. घार उडाली की त्यांचा आवाज असा काही वर चढे की ऐकणारा मान वर करून आभाळाकडे बघत असे. मीही बघितलं.

"वर काय बघतोस? इंजिन खाली आहे," अण्णा म्हणाले.

वामनअण्णा म्हणजे मंदाकिनीबाईंचे थोरले भाऊ. बाईंचे वडील नावाजलेले कीर्तनकार होते. नवरा गेल्यावर बाई माहेरी आल्या आणि वडिलांच्या माघारी त्यांच्याच गादीवर कीर्तनाला उभ्या राहिल्या. तबला अण्णांचा, गाडी अण्णांची, बोलावणी ठरवायची तीही अण्णांनीच. मी पेटीवाला. आदल्या वर्षी कोकणातून आलो आणि इथलाच झालो. निदान मला तसं वाटत होतं. अण्णांना वाटत नव्हतं. "कोकणातला माणूस नारळासारखा," ते चारचौघांत म्हणत. "फोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. आणि फोडायला जावं तर हातातून निसटतो."

त्यांच्या संशयाला एक कारण मीच दिलं होतं. बाईंना सगळं गाव ताई म्हणे. म्हातारेकोतारे ताई म्हणत, पोस्टमन ताई म्हणे. मी एकटा 'मंदाकिनीबाई' म्हणत असे. अण्णांनी ते पहिल्याच महिन्यात टिपलं होतं. "का रे, तुझ्याच जिभेला ताई म्हणायला काय होतं?" त्यांनी एकदा विचारलंही. मी पेटीचा भाता बघायला लागलो.

पाडव्याच्या दिवशी मी धीर करून आक्कांपाशी, म्हणजे बाईंच्या आईपाशी, मन मोकळं केलं. म्हटलं, मला मंदाकिनीबाईंशी लग्न करायचं आहे. आधी त्यांना विचारलं आहे. त्या नाही म्हणाल्या नाहीत, अण्णांना विचारा म्हणाल्या. आक्का बराच वेळ जपमाळ ओढत राहिल्या. मग अण्णांच्या कानावर घातलं. अण्णांचं उत्तर आलं ते एवढंच, "रामनवमी होऊ दे. मग बघू."

तेव्हापासून ते मला बघतच होते.

आणि नेमकी सप्तमीला गाडी किंचाळायला लागली. मी झाकण उघडून पाहिलं तर इंजिनाचा दातेरी पट्टा कडेनं विस्कटलेला. हा पट्टा खालच्या चाकाची गती वरच्या चाकाला पोचवतो. दोन्ही चाकं एका तालात फिरली तरच इंजिन चालतं. पट्टा आता वाटेत कुठेही तुटला असता.

"तुला झाकण उघडायला कुणी सांगितलं होतं?" अण्णांचा पहिला प्रश्न.

"आवाज ऐकला."

"आवाज मीही ऐकला. मी उघडलं का?" त्यांनी पट्ट्याची विस्कटलेली कड बोटात धरून उन्हात पाहिली. "हे झिजलंय म्हणतोस? मला तर कापल्यासारखं दिसतंय."

त्यांच्या मनात कुठली पाल चुकचुकतेय ते मला ठाऊक होतं. इथं येण्याआधी मी रत्नागिरीकडच्या एका बुवांना पेटीची साथ करत असे. त्या बुवांचा डोळा माळवाडीच्या रामनवमीवर होता. माळवाडीच्या पंचांनी अण्णांना बजावलं होतं, गेल्या वर्षी ताई पोचेपर्यंत पाळणा खोळंबला, यंदा तसं झालं तर पुढल्या खेपेस बुवांना बोलावू. रामजन्माचं कीर्तन ते. सूर्य माथ्यावर आला की जन्म झालाच पाहिजे, राम काही कुणाच्या गाडीसाठी थांबत नाही. आणि माळवाडीला सकाळची एसटी नव्हती. भाड्याच्या गाडीत अण्णा बहिणीला बसवायचे नाहीत. ड्रायव्हर कोण, कुठला, त्यांना कळायला नको?

गॅरेजचं तर नावच नको. अण्णांच्या मते गॅरेजवाला म्हणजे रामाचं नाव घेणारा मारीच. चांगला भाग काढून घेईल आणि तोच धुऊन पुसून पुढल्या गिऱ्हाइकाला घालील. म्हणून गाडीचं सगळं काम अंगणात, स्वतःच्या हातानं. दाभोळला मामांच्या होड्यांच्या इंजिनात माझे हात काळे झालेले, म्हणून मला सोबत घ्यावं लागलं. घेतलं, पण चोराला चावडीत बसवावं तसं.

नवा पट्टा त्यांनी सांगलीहून आणून कपाटात कुलूपबंद ठेवला होता. तो आणायला ते आत गेले तेवढ्यात मी खुणा करून घेतल्या. वरच्या चाकावरची मूळ खूण गंजात कधीच गेली होती. पट्टा काढायच्या आधी आपली खूण करावीच लागते, नाही तर नवा घालताना चाक कुठं उभं होतं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मी पांढरा खडू घेतला, चाकाच्या एका दात्यावर रेघ ओढली आणि बरोबर तिच्यासमोर इंजिनाच्या अंगावर दुसरी. खालच्या चाकाची खूण ठळक होती, तिची काळजी नव्हती.

"खुणा केल्यात," अण्णा आले तेव्हा मी म्हणालो.

"हूं."

पट्टा काढला. तेवढ्यात आक्कांनी जेवायला हाक मारली.

जेवताना अण्णा मुद्दाम माझ्या समोर बसले. मी हात धुवायला उठलो की ते उठत. मी पाणी प्यायला माठाकडे गेलो की त्यांची मान माठाकडे वळे. आक्का वाढून मागच्या दारानं कधी गेल्या ते कुणाच्या लक्षात आलं नाही. गाडीपाशी कुणीच नव्हतं. ज्याच्यावर नजर ठेवायची तो तर पानावर बसून आमटी ओरपत होता.

मंदाकिनीबाई ताक घेऊन आल्या. "अण्णा, जरा पानाकडे बघ. भात त्यांच्या तोंडावर नाही, तुझ्या पानात आहे."

"मला माझा भात दिसतोय."

"मग केस आलाय तो काढ."

आम्ही पुन्हा अंगणात आलो आणि मी जागच्या जागी थबकलो. माझ्या पांढऱ्या खुणा नव्हत्या. त्यांच्या जागी लाल खुणा होत्या. एक ठळक टिकली इंजिनाच्या अंगावर, वर, मधोमध. एक चाकाच्या दात्यावर, जरा खाली, डाव्या अंगाला. मी अण्णांकडे पाहिलं. ओटीवर खिडकीच्या गजांना लावायचा लाल रंगाचा डबा ठेवलेला होता. मनात म्हटलं, वा! सकाळपासून पहारा केला तो केला, आता माझ्या खुणा पुसून स्वतःच्याही केल्या. पण पानावरून हे उठले कधी? हात धुवायला उठले असतील, मी ताक ओतून घेत होतो तेव्हा.

अण्णाही त्या टिकल्यांकडे टक लावून बघत होते.

"या समोरासमोर नाहीत," ते म्हणाले.

"नाहीत."

"मघाशी होत्या?"

"मघाशी होत्या."

"मग चाक सरकलं कसं? हात लावलास?"

"मी तर तुमच्यासमोर जेवत होतो. आतल्या स्प्रिंगा रेटतात, पट्टा काढला की कधी कधी चाक आपोआप सरकतं."

"कधी कधी," अण्णा म्हणाले. तो शब्द त्यांनी जिभेवर घोळवला, सुपारी खवट निघावी तसा. "ठीक आहे. लाल समोर लाल आण."

झालं. त्यांच्या तोंडानंच 'लाल' आलं. माझी खात्री पटली की खुणा त्यांच्याच. आता 'माझा पांढरा खडू कुठं गेला' असं विचारणं म्हणजे त्यांना लबाड म्हणणं. आणि ज्याच्याकडे बहिणीचा हात मागितलाय त्याला लबाड म्हणायला मी काही वेडा नव्हतो. मनात आणखी एक किडा वळवळत होता. यांना काम बिघडवायचंच असेल तर? माझ्या हातून बिघडलं की नकार द्यायला कारण मिळेल. पण बोललो नाही. मी चाक फिरवलं, लाल समोर लाल आणलं, नवा पट्टा चढवला, ताण दिला. पान्यानं इंजिन हातानं फिरवून पाहिलं. लाल पुन्हा लालसमोर आलं.

"लाव चावी," अण्णा म्हणाले. मग लगेच, "थांब. मी लावतो."

इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. मग कसंबसं धरलं, पण सगळी गाडी ज्वर भरल्यासारखी हुडहुडू लागली आणि पुढून एकदम फट्ट करून आवाज झाला. तुळशीवरच्या चिमण्या उडाल्या. शेजारचे भाऊसाहेब भिंतीवरून डोकावले. "काय अण्णा, नवमीच्या आधीच फटाके?"

"तुम्ही आत जा," अण्णा म्हणाले.

पुन्हा सोडवलं, पुन्हा चढवलं, पुन्हा लाल समोर लाल. पुन्हा फट्ट. उन्हं कलली, अंगणात भिंतीची सावली आली. मंदाकिनीबाईंचं आख्यान आत कधीच थांबलं होतं. त्या दाराशी येऊन उभ्या होत्या.

अण्णांनी पाना खाली आपटला. "आता बोल. का केलंस?"

"काय?"

"खुणा चुकीच्या केल्यास! उद्या मंदा माळवाडीला पोचू नये म्हणून. पट्टा कापलास, मग खुणा फसव्या केल्यास. तुझ्या बुवांचा निरोप आला होता ना पाडव्याला? मला सगळं कळतं."

"निरोप आला होता, मी नाही म्हणून कळवलं. आणि खुणा माझ्या नाहीत अण्णा, तुमच्या आहेत."

"माझ्या?"

"मी पांढरा खडू लावला होता. तुम्ही पुसून लाल लावलंत. त्या डब्यातलं."

"मी? देवाच्या पायाशपथ, त्या डब्याला पाडव्यानंतर हात लावला असेल तर! लाल तू लावलंस."

"मी पांढरं लावलं."

"मग लाल काय उगवलं? दूर्वा आहेत?"

मी वाकून चाकावरची टिकली बोटानं पुसली. रंग असता तर सुकून खडा झाला असता. हे बोटाला लागलं, तेलात पसरलं. मी नाकाशी नेलं.

"कुंकू आहे," मी म्हणालो.

अण्णांचा चेहरा पडला. एक पाऊल मागे सरून ते उभे राहिले आणि अंगावर शहारा आल्यासारखं उपरणं त्यांनी खांद्याभोवती ओढून घेतलं.

"कुंकू," ते हळूच म्हणाले. "करणी. माझ्या अंगणात करणी! आता कळलं. कोकणातली देवस्की ती हीच. अरे, मी समजत होतो, नुसता पेटीवाला आहे."

"अण्णा!" दारातून बाई म्हणाल्या.

"तू मधे बोलू नकोस मंदा. टिकेकरा, पेटी उचल आणि वाटेला लाग. आत्ता. पाडव्याला जे विचारलं होतंस त्याचं हेच उत्तर."

वर्षभर ज्या घरची भाकरी खाल्ली, ज्या आवाजाला सूर दिला, ते घर एका चिमूटभर कुंकवानं मला बाहेर काढत होतं. पेटी आत ओटीवर होती. आणायला गेलो तर बाई वाटेत आडव्या उभ्या.

"पेटी इथंच राहील," त्या भावाकडे बघत म्हणाल्या. "उद्या मला सूर कोण देणार?"

"मी देईन."

"तू? तुझा सूर ऐकला तर रामराया जन्म पुढल्या वर्षावर ढकलेल."

भिंतीपलीकडून भाऊसाहेबांचं हसू ऐकू आलं. अण्णांनी ओरडायला तोंड उघडलं, इतक्यात फाटक करकरलं. दत्ताच्या देवळातलं पुराण ऐकून आक्का परत येत होत्या, हातात प्रसादाची पुडी. अंगणात पाऊल टाकताच त्या थांबल्या. "काय रे, कुणाचं भांडण?"

"आक्का, घरात जा," अण्णा म्हणाले. "गाडीवर कुणी तरी कुंकू टाकलंय."

"कुणी तरी कशाला? मी लावलंय."

अण्णांनी चाकाकडे पाहिलं, मग आक्कांकडे.

"तुम्ही जेवायला बसलात तेव्हा. उघडं ठेवलं होतंत ना सगळं? दसऱ्याला बाहेरून लावतो, आतलं यंत्र कधी दिसतं? म्हटलं, आता उघडलंच आहे तर हळदकुंकू लावावं, उद्या रामाच्या कामाला जायचंय. आधी पदर ओला करून नीट पुसून घेतलं. खडूचे कसले डाग होते, ते काढले. एक टिकली वर लावली, कपाळ म्हणून. दुसरी चाकाला. तिथवर हात पोचेना, जिथं पोचला तिथं लावली."

मी आणि अण्णांनी एकमेकांकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच आमच्या दोघांच्या मनात एकच विचार आला असावा.

"आक्का, ती इंजिनाची खूण होती!" अण्णा कळवळून म्हणाले. "त्यावरनं दिवसभर—"

"मला काय ठाऊक? तुम्ही दोघं उठताबसता एकमेकांना पाण्यात बघताय, मला कोण सांगतंय काय चाललंय ते? एकानं दुसऱ्याला विचारायचं होतं." त्यांनी पुडी कट्ट्यावर ठेवली. "आणि मी म्हणते, लावलं तर काय चुकलं? चांगल्या कामाला निघायचं तर यंत्रसुद्धा उघड्या कपाळानं निघू नये—"

आणि त्या तिथंच थांबल्या.

मंदाकिनीबाई दारात उभ्या होत्या. नवरा गेल्यापासून त्या कपाळाला कीर्तनातल्या बुक्क्याशिवाय काही लागलं नव्हतं. अण्णांची तशी काही सक्ती नव्हती. ही रीत घरात सांभाळली होती ती आक्कांनीच. सणावारी घरी सवाष्णींचं हळदकुंकू चाललं असलं की आक्का लेकीला नारळ सोलायला आत पाठवत, म्हणजे तिला बघावं लागू नये. मी हे वर्षभर पाहिलं होतं. बोलायचा मला हक्क नव्हता.

आक्का आपल्याच बोटाकडे बघत होत्या. नखाच्या कडेला अजून लाल होतं.

"वाम्या," शेवटी त्या म्हणाल्या, "ते डाग पुरते निघाले नव्हते. चाकाच्या एका खाचेतला निघता निघेना. बघ, असेल अजून."

मी विजेरी आणली. अण्णांनी ती माझ्या हातून घेतली नाही; "धर नीट," एवढंच म्हणाले आणि स्वतः वाकले. चाक हळूहळू फिरवलं. एका दात्याच्या बुडाशी, खाचेत, तांदळाच्या कणीएवढं पांढरं दिसलं. इंजिनाच्या अंगावरही एका भेगेत थोडं राहिलं होतं.

"हे?"

"हेच."

आम्ही पट्टा उतरवला. खालच्या चाकाची खूण जागेवर आणली. पांढऱ्यासमोर पांढरं आणलं. पट्टा चढवताना अण्णांनी वरचं चाक दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि दात एकेक बसतोय तसं "हां... हां..." म्हणत गेले, तबल्यावर समेची वाट बघावी तसे. ताण देताना पाना त्यांनी आपणहून माझ्याकडे केला.

"चावी तूच लाव," ते म्हणाले.

मी लावली. इंजिन एकदा घुटमळलं आणि धरलं. हुडहुडी नाही, फट्ट नाही. नुसता एकसारखा, भरलेला आवाज. अण्णा डोकं कलतं करून बराच वेळ ऐकत उभे राहिले. मग त्यांनी खूण केली, मी बंद केलं.

अण्णा हौदावर गेले. माती लावून हात घासू लागले. घासता घासता, पाठमोरेच, म्हणाले, "टिकेकर."

नुसतं 'टिकेकर'. दिवसभर 'टिकेकरा' होतो.

"तुमच्याकडे बोलायला मोठं माणूस कोण?"

आमच्याकडे हा प्रश्न कुठल्या कामाआधी विचारतात ते सांगायला नको. "कुणी नाही अण्णा. आईवडील गेले. मामा आहेत, पण ते होडी सोडून कुठं येत नाहीत."

"मग बैठकीला तुमच्या बाजूनं बसायचं कुणी? असं एकट्यानं येऊन मुलगी मागतात काय?"

"मी बसते," आक्का म्हणाल्या.

अण्णा वळले. हातावरून पाणी निथळत होतं. "तू? आक्का, तू मुलीची आई आहेस!"

"म्हणूनच बसते. मुलीकडून तू आहेस की, खुसपटं काढायला. त्याच्याकडून कुणी नको?"

"म्हणजे मानपान मी तुझा करायचा?"

"करशील की. आणि नीट कर. मी रुसायची आहे."

अण्णांना हसू आलं, ते त्यांनी उपरण्यात तोंड पुसल्याच्या बहाण्यानं लपवलं. मी मात्र दाराकडे बघायला धजत नव्हतो. बाई आत जायला वळल्या. उंबऱ्यावर एक पाय ठेवून त्या थांबल्या.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "मुलाकडची माणसं केव्हाची अंगणात उभी आहेत. त्यांना निदान चहा तरी विचार."